गाझातली रुग्णालयं आपल्या विषयपत्रिकेवर घ्या

प्रति,
महाराष्ट्रातील डॉक्टर, परिचारिका आणि आरोग्य कर्मचाऱ्यांच्या सर्व व्यावसायिक संघटनांचे अध्यक्ष, सचिव व कार्यकारिणी सदस्य

विषय : गाझा व पश्चिम किनाऱ्यावरील (वेस्ट बँक) आरोग्यसेवेबाबत जाहीर भूमिका घेण्याविषयी

सप्रेम नमस्कार.

गाझामधली रुग्णालयं, रुग्णवाहिका आणि तिथले डॉक्टर-परिचारिका यांच्यावर ऑक्टोबर २०२३ पासूनच्या इस्रायल-हमास युद्धात जे ओढवलं, त्यावर आपल्या संघटनांनी सभा घ्यावी, मत घ्यावं आणि जो ठराव होईल तो जाहीर करावा, एवढ्या मागणीसाठी हे पत्र लिहितो आहे. मी सोलापूरचा बालरोगतज्ज्ञ. नवजात बाळांच्या अतिदक्षता कक्षात माझी हयात गेली. परराष्ट्र धोरण मला कळतं असा माझा दावा नाही. पण रुग्णालयाची वीज गेली की कुठलं बाळ आधी दगावतं, हे मला कळतं, आणि माझं सगळं म्हणणं तिथूनच सुरू होतं.

एका शाखेच्या सभेत मी हा विषय मांडू पाहिला तेव्हा तो 'ऐनवेळचे विषय' या सदरात गेला आणि "आपण राजकारणात पडत नाही" या एका वाक्यावर संपला. ते वाक्य बोलणाऱ्या ज्येष्ठांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. समोर पडलेल्या रुग्णाचा धर्म, पक्ष, देश विचारायचा नाही, ही शिकवण आपण सगळ्यांनी घेतली आहे आणि ती पाळलीही आहे. पण रुग्णाच्या खाटेशी तटस्थ राहणं वेगळं आणि ती खाटच उद्ध्वस्त होत असताना संघटनेने गप्प राहणं वेगळं. खाट, औषध, रुग्णवाहिका आणि उपचार करणारी माणसं शाबूत राहिली तरच पहिल्या तटस्थतेला काही अर्थ उरतो.

हे आपल्याला परक्यांच्या उदाहरणावरून शिकायची गरज नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री दोन दहशतवादी मुंबईच्या कामा रुग्णालयात शिरले. बायकामुलांचं रुग्णालय ते. प्रसूतिपूर्व कक्षात परिचारिका अंजली कुलथे रात्रपाळीला होत्या. त्यांनी कक्षाचे दरवाजे लावून घेतले आणि वीस गरोदर बायकांना टोकाच्या छोट्या पॅन्ट्रीत दाटीवाटीने बसवलं. त्यातल्या एकीच्या कळा सुरू झाल्या. बाहेर गोळ्या आणि बॉम्बचे आवाज चालू असताना कुलथे तिला भिंतीचा आधार घेत जिन्याने वरच्या मजल्यावर, प्रसूतिगृहात घेऊन गेल्या. रुग्णालयाच्या दोन सुरक्षारक्षकांचा जीव त्या रात्री गेला. डिसेंबर २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढे कुलथे यांनी ही हकिकत सांगितली आणि भारत सरकारनेच ती जगाला ऐकवली. याच रुग्णालयाचा कारभार १९४७ पर्यंत डॉ. जेरुषा झिराड यांनी पाहिला होता. बेने इस्रायल समाजातल्या, म्हणजे मराठी ज्यू डॉक्टर. मला या दोन्ही बायका आपल्या वाटतात. रुग्णालयात बंदूक शिरते तेव्हा काय होतं, हे महाराष्ट्राला कुणी समजावून सांगायला नको.

आणि ऑगस्ट २०२४ आठवा. कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयातल्या आपल्या तरुण सहकारी डॉक्टरवर बलात्कार करून तिचा खून झाला. १७ ऑगस्टला इंडियन मेडिकल असोसिएशनच्या हाकेवर देशभर चोवीस तासांचा संप झाला आणि रुग्णालयांना सुरक्षित क्षेत्र घोषित करा, ही मागणी झाली. त्याआधी २०१० मध्ये डॉक्टर आणि रुग्णालयांवरच्या हल्ल्यांविरुद्ध आपल्या राज्यात कायदा झाला, तोही संघटना मागे लागल्या म्हणून. तेव्हा कुणी म्हणालं नाही की हे राजकारण आहे. मग सुरक्षित क्षेत्राची मागणी देशाच्या सीमेशी येऊन का थांबावी?

माझ्या विषयातलं एक सांगतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये गाझा शहरातल्या अल-शिफा रुग्णालयाचं इंधन संपलं आणि वीज गेली. नवजात कक्षातली कमी दिवसांची बाळं काचेच्या पेट्यांमधून बाहेर काढून एका पलंगावर ओळीने, एकमेकांना चिकटून निजवावी लागली. तो फोटो आपल्यातल्या बहुतेकांनी पाहिला असेल. सामान्य माणसाला त्यात बाळं दिसली. मला त्यात पुढचे काही तास दिसले. एक-सव्वा किलोचं बाळ गार पडलं की आधी दूध ओढेनासं होतं, मग रक्तातली साखर उतरते, मग श्वास चुकायला लागतो. ऑक्सिजन नाही, मॉनिटर नाही, जंतुसंसर्ग रोखायला पुरेसं पाणी नाही. काही बाळं तिथेच गेली. १९ नोव्हेंबरला जागतिक आरोग्य संघटना आणि रेड क्रेसेंटने ३१ बाळं तिथून बाहेर काढली आणि दुसऱ्या दिवशी त्यातली २८ इजिप्तला पोहोचली. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात कक्षाला आग लागून दहा बाळं गेली, तेव्हा अख्खा महाराष्ट्र हळहळला. चौकशा झाल्या, राज्यातल्या नवजात कक्षांच्या तपासणीचे आदेश निघाले, आणि ते योग्यच होतं. अल-शिफाच्या बाळांबद्दल निदान जाहीर दुःख व्यक्त करणं बालरोगतज्ज्ञांच्या संघटनांच्या कक्षेबाहेरचं कसं ठरतं, हे मला कळत नाही.

यापुढचा पट मोठा आहे. गाझातल्या ३६ रुग्णालयांपैकी ९४ टक्के रुग्णालयांचं नुकसान झालं किंवा ती उद्ध्वस्त झाली, असं जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२५ मध्ये सांगितलं. कर्करोगाचं एकमेव विशेष रुग्णालय नोव्हेंबर २०२३ मध्ये बंद पडलं आणि मार्च २०२५ मध्ये ते पाडण्यात आलं. तिथल्या आरोग्य मंत्रालयाच्या हिशेबाने दीड हजारांहून अधिक आरोग्य कर्मचारी मारले गेले. २३ मार्च २०२५ ला रफाहमध्ये रुग्णवाहिका, बचाव आणि मदतकार्यातली १५ माणसं इस्रायली सैन्याच्या गोळीबारात मेली. त्यांचे मृतदेह आणि चेपलेली वाहनं काही दिवसांनी वाळूत पुरलेली सापडली. अल-शिफाचे अस्थिरोग विभागप्रमुख डॉ. अदनान अल-बुर्श एप्रिल २०२४ मध्ये इस्रायलच्या कैदेत मरण पावले. कमाल अदवान रुग्णालयाचे संचालक डॉ. हुसाम अबू सफिया हे माझ्याच शाखेचे, बालरोगतज्ज्ञ. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्यांचा मुलगा मारला गेला. रुग्णालयाच्या आवारात त्याचं दफन करून ते पुन्हा कामाला लागले. २७ डिसेंबरला पांढरा कोट घालून, ढिगाऱ्यांतून एकटे चिलखती गाडीकडे चालत जाताना ते शेवटचे मोकळे दिसले. आरोपपत्र न ठेवता त्यांची कैद पुन्हा पुन्हा वाढवण्यात आली.

दुसरी बाजूही याच पत्रात लिहितो, कारण ती वगळून केलेली मागणी मला मान्य होणार नाही. ७ ऑक्टोबर २०२३ ला हमासच्या हल्ल्यात सुमारे १,२०० माणसं मारली गेली आणि २५१ जणांना ओलीस नेण्यात आलं. बएरी या किबुट्झमधल्या (इस्रायलमधल्या सामूहिक वस्तीतल्या) दवाखान्यात अमित मान ही तरुण पॅरामेडिक तासन् तास जखमींवर उपचार करत राहिली आणि तिथेच मारली गेली. ओलिसांना रेड क्रॉसला भेटू दिलं गेलं नाही. इस्रायलच्या कैदेतल्या पॅलेस्टिनी लोकांनाही रेड क्रॉसला भेटू दिलं गेलं नाही. जून २०२५ मध्ये इस्रायलमधल्या बीरशेबाच्या सोरोका रुग्णालयावर इराणचं क्षेपणास्त्र पडलं. आपल्या ठरावात हे सगळं असावं. अंजली कुलथेंच्या शेजारी अमित मानचं नाव घ्यायला मला जराही अवघड वाटत नाही, आणि तितक्याच सहज अबू सफियांचंही घेता आलं पाहिजे.

हमास रुग्णालयांचा लष्करी वापर करत होती, असं इस्रायल म्हणतं. जिथे तसं झालं असेल तिथे तो रुग्णांशी केलेला द्रोह आहे आणि त्याचाही निषेध व्हावा. पण कायदा तिथे संपत नाही. १९४९ च्या चौथ्या जिनिव्हा कराराचं १८ वं कलम नागरी रुग्णालयांना संरक्षण देतं. १९ वं कलम सांगतं की शत्रूला अपायकारक कृत्यांसाठी रुग्णालय वापरलं गेलं तरच हे संरक्षण जाईल, तेही आधी इशारा देऊन, वाजवी मुदत देऊन आणि ती पाळली गेली नाही तरच. जखमी सैनिकांवर तिथे उपचार चालले आहेत, हे संरक्षण काढून घेण्याचं कारण होऊ शकत नाही, हेही त्याच कलमात लिहिलं आहे. शिवाय रुग्णालय लक्ष्य झालं तरी आतल्या रुग्णांचं आणि परिचारिकांचं संरक्षण उरतंच. या करारांना भारताने १९५० मध्ये मान्यता दिली आणि १९६० मध्ये त्यासाठी स्वतःचा कायदा केला. त्याचा आग्रह धरणं म्हणजे आपल्याच देशाच्या कायद्याचा आग्रह धरणं.

इतर देशांतल्या संघटनांनी काय केलं, ते थोडक्यात. अमेरिकन पब्लिक हेल्थ असोसिएशनने नोव्हेंबर २०२३ मध्येच तात्काळ युद्धविरामाची मागणी केली. युक्रेनमधल्या रुग्णालयांवरच्या हल्ल्यांचा २०२२ मध्ये कडक निषेध करणाऱ्या अमेरिकन मेडिकल असोसिएशनने मात्र त्याच नोव्हेंबरमध्ये गाझाचा ठराव चर्चेलाच घेतला नाही, आणि तिच्या तरुण सभासदांना ते फार लागलं. जागतिक वैद्यकीय संघटनेने २०२४ मध्ये, आधी सोलच्या बैठकीत आणि मग हेलसिंकीच्या महासभेत, युद्धविराम, ओलिसांची सुटका आणि आरोग्यसेवेचं संरक्षण यांचा ठराव केला. इंडियन मेडिकल असोसिएशन या जागतिक संघटनेची सभासद आहे. २००९ ची महासभा दिल्लीत भरली होती, २०१६ मध्ये एक भारतीय डॉक्टर अध्यक्ष झाले होते. त्या टेबलाशी आपल्याला खुर्ची आहे, आणि त्या खुर्चीवरून काय बोलायचं हे सभासदांना विचारून ठरवता येईल.

ब्रिटिश मेडिकल असोसिएशनच्या प्रतिनिधींनी जून २०२५ मध्ये इस्रायली मेडिकल असोसिएशनशी संबंध तहकूब करण्याच्या बाजूने मत दिलं. इथे माझं मत जरा वेगळं आहे, आणि त्यासाठी दक्षिण आफ्रिकेची हकिकत सांगावी लागेल.

सप्टेंबर १९७७ मध्ये वर्णभेदविरोधी नेते स्टीव्ह बिको यांना पोलीस कोठडीत डोक्याला जबर मार लागला. दोन सरकारी डॉक्टरांनी त्यांना तपासलं. मेंदूला इजा झाल्याची चिन्हं समोर असताना त्यांनी ती गांभीर्याने घेतली नाहीत, आणि मग बिकोंना विवस्त्र अवस्थेत गाडीच्या मागच्या भागात टाकून हजार किलोमीटरहून अधिक अंतर प्रिटोरियाला नेऊ दिलं. १२ सप्टेंबरला तिथे ते गेले. देशाच्या वैद्यकीय परिषदेने त्या डॉक्टरांना दोषमुक्त ठरवलं. तिथल्या वैद्यकीय संघटनेनेही त्यांना पाठीशी घातलं, आणि त्याच संघटनेला १९८१ मध्ये जागतिक वैद्यकीय संघटनेत पुन्हा प्रवेश मिळाला. पण आतले मूठभर डॉक्टर न्यायालयात गेले, बाहेरच्या संघटनांनी दबाव सोडला नाही, १९८५ मध्ये परिषदेला फेरसुनावणी करावी लागली आणि त्यातल्या एकाची नोंदणी रद्द झाली. १९९५ मध्ये त्या वैद्यकीय संघटनेने वर्णभेदाच्या काळातल्या वागणुकीबद्दल जाहीर माफी मागितली. भारताने तर १९४६ मध्येच, जगाच्या कितीतरी आधी, दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडला होता. तेव्हा दूरच्या देशातल्या अन्यायाशी आपला काय संबंध, असं आपण विचारलं नव्हतं.

या हकिकतीतून मला दोन गोष्टी दिसतात. बाहेरचा दबाव उपयोगी पडतो. आणि तो आतल्या प्रामाणिक माणसांना बळ देईल अशा रीतीने दिला तर जास्त उपयोगी पडतो. इस्रायलमध्ये अशी माणसं आहेत. १९८८ मध्ये सुरू झालेली 'फिजिशियन्स फॉर ह्यूमन राइट्स इस्रायल' ही संघटना इस्रायली आणि पॅलेस्टिनी डॉक्टर मिळून चालवतात. जुलै २०२५ मध्ये याच संघटनेने गाझाची आरोग्यव्यवस्था हेतुपुरस्सर मोडली जात असल्याचं मांडून त्याला वंशसंहार म्हटलं. स्वतःच्या देशात राहून हे बोलायला काय लागत असेल! म्हणून माझं म्हणणं असं की संबंध तोडण्याआधी इस्रायली मेडिकल असोसिएशनला लेखी प्रश्न विचारावेत. कैदेतल्या डॉक्टरांना वैद्यकीय तपासणी आणि वकील मिळतो का? कैदेत मेलेल्या आरोग्य कर्मचाऱ्यांची स्वतंत्र चौकशी झाली का? इस्रायली मेडिकल असोसिएशनच्या सभासदांनी कैद्यांच्या छळात भाग घेतला तर ती काय कारवाई करते? उत्तराला मुदत द्यावी. ती टळली तर संबंध तहकूब करण्याच्या बाजूने मत द्यावं आणि कचरू नये.

इस्रायलमध्ये आपल्या मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायली कुटुंबांचे नातेवाईक आहेत, दिमोनात, अशदोदमध्ये, लोदमध्ये. त्यांनी सायरन ऐकत रात्री काढल्या आहेत. या ठरावाने आपण त्यांच्या विरोधात उभे राहतो असं कुणाला वाटू नये, आणि म्हणून ठरावाची भाषा माणसांविषयीची असावी, कुठल्या समाजाविषयीची नसावी. ज्यू सहकाऱ्यांबद्दल एक वावगा शब्द सभेत आला तर अध्यक्षांनी तो तिथल्या तिथे थांबवावा.

"आपल्याकडे प्रश्न कमी आहेत का?" हा आक्षेप मी अनेकदा ऐकला आहे. जुलै २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयातही गाझाविषयीच्या आंदोलनाच्या याचिकेवर याच आशयाची टिप्पणी झाली. प्रश्न कमी नाहीतच. मेळघाटातलं कुपोषण मला वर्तमानपत्रातून कळलेलं नाही. पण १९३८ मध्ये आपण स्वतः गुलामीत होतो, तरी माझ्या गावचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आणि नागपूरचे डॉ. चोळकर युद्धातल्या जखमींवर उपचार करायला चीनला गेले. खुद्द भारत सरकारनेही २२ ऑक्टोबर २०२३ ला साडेसहा टन वैद्यकीय साहित्य आणि ३२ टन मदतसामग्री इजिप्तमार्गे पॅलेस्टिनींसाठी पाठवली, वर्षभराने कर्करोगाच्या औषधांसह आणखी ३० टन पाठवलं. १२ डिसेंबर २०२३ ला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत युद्धविरामाच्या बाजूने मत दिलं. तेव्हा आरोग्याच्या चौकटीत बोलणाऱ्या संघटनेवर देशाच्या धोरणाविरुद्ध गेल्याचा आरोप टिकत नाही.

बोलून काय होणार, असंही विचारतात. त्यावर पोलिओची गोष्ट सांगतो. ऑगस्ट २०२४ मध्ये देर अल-बलाहमधल्या दहा महिन्यांच्या बाळाला पोलिओने लुळेपणा आला, गाझात पंचवीस वर्षांनी. आरोग्य संस्थांनी लढाई थांबवण्याची मागणी लावून धरली, आणि १ सप्टेंबरपासून रोज काही तास, एकेका भागात, बॉम्बहल्ले थांबले. पहिल्याच फेरीत साडेपाच लाखांहून अधिक मुलांना डोस मिळाला. पल्स पोलिओच्या रविवारी आपण करंगळीला शाईची खूण करतो, तशीच खूण तिथल्या मुलांच्या बोटांवर होती. ज्या तासांमध्ये तोफा थांबल्या, ते तास लसीच्या मागणीने मिळवलेले होते. आरोग्याच्या भाषेत, एकमुखाने आणि नेमकं मागितलं की दोन्ही बाजूंना नाही म्हणणं जड जातं.

१० ऑक्टोबर २०२५ ला युद्धविराम झाला म्हणून विषय शिळा झालेला नाही. ऑगस्टमध्ये गाझा शहर परिसरात दुष्काळ जाहीर झाला होता, आणि इतक्या उपासमारीतून गेलेलं मूल नुसत्या पोटभर अन्नाने बरं होत नाही, चुकीच्या पद्धतीने भरवलं तर ते दगावू शकतं. युद्धविरामाच्या वेळी पंधरा हजारांहून अधिक रुग्ण उपचारांसाठी बाहेर जाण्याची वाट पाहत होते. गाझात रेडिओथेरपी युद्धाआधीही नव्हती. त्यासाठी पूर्व जेरुसलेमच्या ऑगस्टा व्हिक्टोरिया रुग्णालयात जावं लागायचं आणि त्यासाठी लष्करी परवाना लागायचा. कॅन्सर झालेल्या मुलाला परवाना मिळायचा आणि सोबत जाणाऱ्या आईला नाकारला जायचा, अशी प्रकरणं तेव्हाही घडत होती.

म्हणून ठरावात या मागण्या असाव्यात : अटकेतल्या आरोग्य कर्मचाऱ्यांवर एक तर आरोप ठेवावेत नाही तर त्यांना सोडावं, आणि तोवर रेड क्रॉसला त्यांना भेटू द्यावं. रुग्णांना पूर्व जेरुसलेम आणि परदेशी जाण्याचा मार्ग खुला करावा. औषधं, इंधन आणि शस्त्रक्रियेचं सामान अडवू नये. रुग्णालयांवरच्या सर्व हल्ल्यांची, ते कुणाचेही असोत, स्वतंत्र चौकशी व्हावी. आणि महाराष्ट्रातल्या खासगी व धर्मादाय रुग्णालयांनी, केंद्र सरकारच्या परवानगीने, काही जखमी मुलांवर इथे उपचार करण्याची तयारी लेखी कळवावी. मी आणि माझ्या ओळखीचे काही बालशल्यचिकित्सक त्यासाठी विनामूल्य काम करायला तयार आहोत.

ठरावाचा मसुदा प्रत्येक संघटनेच्या सचिवांकडे स्वतंत्र पाठवत आहे. येत्या सर्वसाधारण सभेच्या नोटिशीत तो नियमित विषय म्हणून छापावा, ऐनवेळच्या विषयांत घेऊ नये. विरोधात बोलणाऱ्यांना पुरेसा वेळ द्यावा, मलाही त्यांचं म्हणणं ऐकायचं आहे. मतदान हात वर करून घ्यावं आणि आकडे इतिवृत्तात नोंदवावेत.

आपला,
एक आजीव सभासद, बालरोगतज्ज्ञ
सोलापूर